नऊ लिटर पाण्याची गोष्ट

फेब्रुवारी २०१३. दुष्काळ असा की परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. अंबाजोगाईहून परळी पंचवीसेक किलोमीटर. तेव्हापासून मनात येई, पाणी न पिणारी वीज असते का हो?

असते, आणि जुनी आहे! १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन-ऑक्सिजनचा संयोग घडवून वीज मिळवली. उरलं फक्त पाणी. पण पट्ट्या प्लॅटिनमच्या. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यांना सोडवायला उत्प्रेरक हवा, आणि तो महागडा. म्हणून हा इंधनघट १९६५ साली जेमिनी-५ मधून अंतराळात गेला, खेड्यात काही आला नाही.

१९६४ मध्ये रेमंड जासिन्स्की यांनी दाखवलं की कोबाल्ट थॅलोसायनिनही हे काम करतं. छपाईच्या निळ्या शाईतल्या रंगाचं हे भावंड. मध्ये धातूचा अणू, भोवती चार नायट्रोजन. आपल्या रक्तातल्या लोहाभोवतीही अशीच चौकडी असते! पुढे लोह, नायट्रोजन, कार्बन एकत्र तापवून स्वस्त उत्प्रेरक होऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट प्लॅटिनमला पर्याय शोधत आला आहे. अडचण टिकाऊपणाची. आम्लात लोह झडतं.

पाणी फोडून किलोभर हायड्रोजन करायला निदान नऊ लिटर पाणी लागतं. म्हणजे पाणी लागतंच. पण घट तेवढंच परत देतो. घेतलेलं परत करणारं यंत्र! आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

असो.