फ्यूज कोणाला वाचवतो? डोळखांबच्या दिव्यामागचा इतिहास

१/ शहापूर तालुक्यातील डोळखांब हे आजोबा डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. या भागातील वाड्या-पाड्यांवर कुडाची घरे आजही दिसतात: कारवीच्या काठ्या आणि त्यांवर माती-शेणाचा लेप. अशा भिंतीवरच्या विजेच्या छोट्याशा बोर्डाचा हा इतिहास.

२/ तालुक्याला वीज नवी नव्हती. १९३० पर्यंत कल्याण-इगतपुरी रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि आसनगाव, खर्डी, कसारा ओलांडून विजेची इंजिने थळ घाट चढू लागली. ती वीज मात्र रेल्वेची होती. खेड्यांपर्यंत तारा नेण्याचे काम १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाकडे आले.

३/ दारिद्र्यरेषेखालील घरांत एक दिवा लावणारी केंद्राची 'कुटीर ज्योती' योजना १९८८-८९ ची. २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेत खांबापासून घरापर्यंतची तार, मीटर, एका दिव्यापुरते वायरिंग, एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगची सोय होती. पुढचे वायरिंग घरमालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचे.

४/ बोर्डातला सर्वांत जुना रक्षक म्हणजे फ्यूज. एकोणिसाव्या शतकात विजेच्या दिव्यांबरोबरच तो आला. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की बारीक तार वितळते आणि वीज तुटते. तिच्या जागी जाड तार गुंडाळली, की रक्षक उरतो तो केवळ नावाला.

५/ १९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो श्टॉट्झ यांनी आजच्या एमसीबीचा पूर्वज घडवला. तार बदलण्याची कटकट गेली. काम मात्र तेच राहिले, वायरला जळण्यापासून वाचवणे.

६/ मग माणसाचे काय? ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. ६० वॅटचा बल्बही जवळपास तेवढाच घेतो. ५ अँपिअरच्या फ्यूजच्या लेखी झटका बसलेला माणूस म्हणजे आणखी एक दिवा! हृदय बंद पाडायला मात्र याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

७/ शरीरावरील विजेच्या परिणामांचा अभ्यास करणारे चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत यावर उपाय सिद्ध केला. युरोपातही असे प्रयत्न चालू होते. त्याच तत्त्वावरचा आरसीसीबी घरात जाणारा आणि परतणारा प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की क्षणार्धात वीज तोडतो.

८/ भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी असे गळतीरोधक साधन आवश्यक ठरवले. पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटहून कमी भाराच्या जोडण्यांना त्यातून सूट होती. दोन दिवे आणि एक पंखा असलेले घर या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते.

९/ आणि धोका नेमका तिथेच दाट. पावसाळ्यात कुडाची भिंत भिजते, छताचा पत्रा सोललेल्या वायरला टेकतो, जमीन ओली आणि पाय अनवाणी. उन्हाळ्यात मुरूम सुकला, की आर्थिंगही दुबळे होते.

१०/ वायरचा रक्षक घरोघरी पोहोचला. माणसाचा रक्षक त्यानंतर कित्येक दशकांनी जन्मला आणि नियमाच्या सवलतीमुळे लहान घरांच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. आपल्या घरचा बोर्ड एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावा. 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले बटण त्यावर असेल, तर तो दुसरा रक्षक घरात आला आहे. बटण दाबताच वीज गेली, तर तो जागाही आहे.