आडवाटेची मालमोटार

सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या एका खेड्यांत मीं पुष्कळ वर्षें शिक्षकाचें काम केलें. घाटरस्त्याच्या दुरुस्तीसाठीं तेव्हां एक मालमोटार शाळेवरून जात असे. पुढील केबिनमध्यें ड्रायव्हर आणि मुकादम. मजूर बायका-पुरुष मागें खडीच्या ढिगावर, डोक्यावर इरलें घेऊन. एका पावसाळ्यांत ती मोटार चिखलांत घसरून कलंडली. माझ्या वर्गांतील एका मुलाचे वडील ढिगावरून खालीं फेकले गेले आणि पुढें आयुष्यभर लंगडत चालले. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला. जी मोटार आडवाटेनें खंडोगणती माल वाहूं शकते, तिला सहा माणसें छपराखालीं बसवून नेणें इतकें कठीण कां असावें? निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हां या मोटारींचा इतिहास वाचला. त्यांत जें उत्तर मिळालें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

आरंभ चिखलापासूनच करूं. साध्या मालमोटारींत इंजिनाची शक्ति फक्त मागील चाकांस मिळते. पुढचीं चाकें केवळ ढकललीं जातात, आणि चिखलांत तींच रुतून अडसर होऊन बसतात. बैल गाडीच्या पुढें जुंपतात, मागें नव्हे. यांतील शहाणपण मोटारीस बऱ्याच उशिरां कळलें. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतीं क्लिंटनव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील ओटो झाखो या कारागिराची मोटार एकदां रस्त्याकडेच्या खळग्यांत अडकली. ती पुढें येईना, पण उलटी चालवितांच बाहेर आली. शक्तीचीं चाकें पुढें असलीं तर गाडी ओढली जाते, हें त्याच्या ध्यानीं आलें, असें सांगतात. त्यानें आणि त्याचा मेहुणा विल्यम बेसरडिक यानें १९०८ सालीं चारही चाकांस शक्ति पोंचविणाऱ्या योजनेचें पेटंट मिळविलें.

खरी अडचण पुढच्या चाकाची होती. त्या चाकानें वळलें पाहिजे आणि वळत असतांनाच फिरलेंही पाहिजे. म्हणजे शक्ति वाहून नेणाऱ्या दांड्यास, आपल्या मनगटासारखा, वांकला तरी फिरत राहणारा सांधा हवा. साधा सांधा वांकला म्हणजे एका फेऱ्यांतच कधीं जलद, कधीं मंद फिरतो आणि गाडीस हिसके बसतात. एकसारख्या गतीनें फिरणारे सांधे १९२० नंतरच्या दशकांत निघाले, आणि चार चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची वाट मोकळी झाली.

तत्पूर्वींच सैन्यानें या गाड्यांचा उपयोग ओळखला होता. दीड टन माल ओढणाऱ्या चार खेचरांच्या गाडीऐवजीं यंत्राची गाडी मिळावी, अशी अमेरिकन सैन्याची इच्छा होती. १९१३ सालीं केनोशा येथील जेफरी कंपनीनें ‘क्वाड’ नांवाची मालमोटार सिद्ध केली. तिचीं चारही चाकें शक्ति घेत, चारही वळत आणि चारहींना ब्रेक असत. १९१६ मधील जनरल पर्शिंगची मेक्सिकोची मोहीम आणि पाठोपाठ पहिलें महायुद्ध यांत अशा गाड्यांनीं मोठी कामगिरी केली. परंतु या साऱ्या खटाटोपांत हिशेब होता तो मालाचा. माणसांचा हिशेब पुढें दुसऱ्या महायुद्धांत करावा लागला, आणि ती हकीगत मला सर्वांत बोधप्रद वाटते.

डॉज कंपनीची पाऊण टनाची, चार चाकांची सैनिकी मोटार १९४२ सालीं प्रचारांत आली. तिच्या मागील बांकांवर ८ शिपायांची एक तुकडी बसत असे. पुढें अमेरिकन सैन्यानें पायदळाची तुकडी ८ वरून १२ शिपायांची केली. आतां वाढीव चार माणसें कोठें बसवावयाचीं? वरवर पाहतां उत्तर सोपें: गाडी लांब करावी. पण एक फळी दोन विटांवर ठेवून पाहा. विटा जवळ असल्या तर मधला उंचवटा फळीस लागत नाहीं. विटा दूर सारल्या कीं फळीचें पोट टेंकतें. लांब गाडी बांधावर अशीच पोटावर अडते. शिवाय वळावयास तिला अधिक जागा लागते, आणि वाढलेल्या वजनानें चाकें चिखलांत खोल जातात. म्हणून कारागिरांनीं चौकट ४८ इंचांनीं लांबविली आणि मागें आणखी एक आंस बसविला. अशी दीड टनाची सहा चाकांची डॉज १९४३ पासून तयार होऊं लागली. सारांश, चार माणसें वाढलीं म्हणून दोन चाकें वाढलीं. माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. माणसास जागा देणें ही केवळ बांक ठोकण्याची गोष्ट नव्हे; त्यासाठीं गाडी मुळापासून नव्यानें योजावी लागते.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं डॉजनें त्याच घडणीची ‘पॉवर वॅगन’ नागरिकांसाठीं विक्रीस काढली. तिचें इंजिन ९४ अश्वशक्तीचें होतें. दुहेरी गतीच्या गिअरपेटीमुळें ती चढणीवर बैलाच्या चालीनें पण बैलाहून नेटानें चढे. तथापि तिच्या केबिनमध्यें दोघे-तिघेच बसत. ज्यांना रानावनांत काम करावयाचें, ती टोळी पुनः उघड्यावरच! दोन रांगांची केबिन कारखान्यांतूनच तयार होऊन आली ती १९५७ सालीं, इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीच्या ‘ट्रॅव्हलेट’ गाडींत. तींत सहा माणसें बसत, पण दारें होतीं तीनच. चौथें दार मिळावयास १९६१ साल उजाडलें. फोर्डनें १९६५ सालीं आणि शेव्हरोलेनें १९७३ सालीं तोच मार्ग धरला.

अशी गाडी बांधणाऱ्यास आणखी एक गोष्ट पाळावी लागते. खांचखळग्यांत चौकट पिळवटते. लांब केबिन तिला घट्ट जखडली तर पत्रा फाटतो आणि दारें अडकतात. म्हणून ती रबराच्या गाद्यांवर बसवितात. चौकटीनें हवें तसें लवावें, पण आंतील माणसांचें घर शाबूत राहावें, असा त्यांतील हेतु.

डॉज हें नांव आपल्याकडेही अपरिचित नव्हतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीनें मुंबईस कुर्ला येथें डॉज आणि फार्गो मालमोटारी तयार केल्या. त्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या. त्यांनीं आपला माल गांवोगांवीं पोंचविला. दोन रांगांच्या केबिनच्या गाड्याही आतां आपल्याकडे मिळतात. तरी मजूर अजूनही खडीवर, उसावर, विटांवर बसून जातांना दिसतात.

म्हणून माझ्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं, असें मला वाटतें. चार चाकांस शक्ति देण्याची विद्या १९०८ सालीं साधली. सहा मजुरांस दार देण्यास पुढें अर्धें शतक लागलें. विद्या अपुरी होती म्हणून नव्हे, तर गाडी मागविणाऱ्यांनीं मालाचें वजन आधीं सांगितलें आणि माणसांची संख्या शेवटीं. सैन्यानें ती संख्या आधीं सांगितली, तेव्हां कारागिरांनीं दोन चाकें वाढवून दाखविलीं. घाटांतील आमची मोटार ज्यांनीं मागविली, त्यांनीं खडी किती ब्रास जाईल हें निश्चित विचारलें असेल. माणसें कोठें बसतील, हें विचारलें असतें, तर माझ्या विद्यार्थ्याचे वडील नीट चालत घरीं आले असते.