बूथ : शब्द एक, अर्थ अनेक

‘बूथ’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असून तेथे त्याचा मूळ अर्थ राहण्याची जागा, झोपडी असा होता. पुढे जत्रेतील तात्पुरता मांडव, लहान खोके असा अर्थ रूढ झाला. मराठीत हा शब्द पुल्लिंगी असून अनेकवचनातही ‘बूथ’च राहतो. ‘बुथ’ असे लिहिलेले पुष्कळदा दिसते, पण दीर्घ ‘बू’ हेच शुद्ध.

रोजच्या वापरातील अर्थ

टेलिफोन बूथ : मोबाइल येण्यापूर्वी चौकाचौकात दिसणारी एसटीडी-पीसीओची काचेची खोली.

दूध बूथ : दूध विक्रीची लहान टपरी. मुंबईत ‘दूध केंद्र’ असेही म्हणतात.

पोलिओ बूथ : पाच वर्षांखालील बालकांना डोस पाजण्याचे ठिकाण. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाल्यावर हा शब्द वस्तीवस्तीत पोहोचला.

सगळीकडे मात्र हा शब्द चालत नाही. टोल भरतो तो ‘नाका’. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तके मिळतात तो ‘स्टॉल’. त्याला कोणी बूथ म्हणत नाही.

मतदानाचा बूथ

आज ‘बूथ’ म्हटले की प्रथम आठवते ते मतदान केंद्र. कायद्यातला शब्द ‘मतदान केंद्र’ आहे, बोलण्यातला ‘बूथ’. केंद्राबाहेर उमेदवारांचे कार्यकर्ते टेबल मांडतात, त्यालाही बूथच म्हणतात. हा फरक कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा, कारण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३० नुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करणे गुन्हा आहे.

बीएलओ : मतदार यादीच्या एका भागाची जबाबदारी असलेला केंद्रस्तरीय अधिकारी. नाव नोंदवण्यासाठी अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी अर्ज क्रमांक ८.

बूथ एजंट : उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी. मतदान सुरू होण्यापूर्वीच्या अभिरूप मतदानाला त्याने हजर राहावे आणि मतदान संपल्यावर झालेल्या मतांचा हिशेब असलेल्या १७-सी नमुन्याची प्रत घ्यावी. ती न घेताच निघून जाणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. मोजणीच्या दिवशी पडताळणीचा आधार तोच कागद असतो.

बूथ कॅप्चरिंग : केंद्र बळकावणे, तसेच मतदाराला धमकावून केंद्रावर जाण्यापासून रोखणे. कलम १३५-अ नुसार याला एक ते तीन वर्षे कैद व दंड आहे. गुन्हेगार सरकारी नोकर असेल तर कैद तीन ते पाच वर्षे.

आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर परत फिरू नये. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागण्याचा हक्क मतदाराला आहे.

आपल्यासाठी महत्त्व

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करत आहोत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम आहे. गावात पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत जागा वेगळी दाखवली जात असताना बूथवरची रांग मात्र एकच असते. त्या रांगेत आपल्या वस्तीतील प्रत्येकाचे नाव आहे का, हे निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच यादी काढून तपासावे.

जय भीम!