स्तनाच्या शस्त्रक्रियेत रोबोट : तंत्र आणि त्याच्या मर्यादा

सुरतमधील पांडेसरा हा रंगाई-छपाईच्या गिरण्यांचा परिसर. खानदेशातून उदरनिर्वाहासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे व लगतच्या उधना भागात वसलेली आहेत. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत रोबोटिक शस्त्रक्रियेचा बोलबाला वाढत असताना, अशा वस्तीतील स्त्रीच्या दृष्टीने या तंत्राचा अर्थ काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. शल्यविशारद नियंत्रण कन्सोलवर बसून त्रिमितीय चित्र पाहत यंत्राचे हात चालवतो. काखेजवळ काही सेंटिमीटरचा छेद घेऊन, त्वचा व स्तनाग्र राखून आतील ग्रंथी काढली जाते आणि बहुधा त्याच वेळी कृत्रिम रोपणाने स्तनाची पुनर्रचना होते. इटलीतील मिलान येथे अँटोनियो तोएस्का यांनी 2014 मध्ये या पद्धतीचा प्रारंभ केला. व्रण दृष्टीआड राहतो, हा तिचा मुख्य लाभ. मात्र गाठ त्वचेपर्यंत किंवा स्तनाग्रापर्यंत पोहोचली असल्यास ती योग्य ठरत नाही. खर्च व वेळही अधिक लागतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2019 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला : स्तनाच्या कर्करोगात या यंत्रांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. लहान छेद म्हणजे दीर्घायुष्य नव्हे. शिवाय, प्रारंभिक अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास संपूर्ण स्तन काढण्याइतकेच आयुर्मान लाभते, हे उंबेर्तो वेरोनेसी यांच्या मिलानमधील अभ्यासाने वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2002 मध्ये दाखवून दिले.

जीव वाचतो तो मुख्यतः वेळीच झालेल्या निदानामुळे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणूनच न दुखणारी गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव किंवा त्वचेला पडलेली खळी दिसताच तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास स्तन राखता येईल का, रोबोटने नेमका कोणता फायदा होईल आणि खर्च किती, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. पांडेसऱ्यातील कष्टकरी स्त्रीला यंत्राआधी हवी आहे ती वेळेवरची तपासणी.