तोल पुनर्वसन
तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) इजेमुळे गेलेला तोल सरावाने पुन्हा मिळविण्याची उपचारपद्धती. स्वित्झर्लंडमधील हाइडन येथील वैद्य हाइन्रिख फ्रेंकेल (१८६०–१९३१) यांनी तिला पद्धतशीर रूप दिले. उपदंशाने मेरुरज्जू बिघडून पायांची जाण गेलेल्या रुग्णांना ते जमिनीवर आखलेल्या खुणा पाहत चालावयास लावीत. हरपलेल्या संवेदनेचे काम दृष्टी करी. यावरील त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. निन्टेंडो या जपानी कंपनीने २००७ मध्ये खेळासाठी काढलेली ‘वी’ फळी याच तत्त्वावर उपचारांत वापरली गेली. तिच्यातील चार भारमापकांमुळे शरीरभार कोठे झुकतो, हे रुग्णास पडद्यावर दिसते. २०१० मधील एका अभ्यासात तिची मापने प्रयोगशाळेतील महागड्या बलमापक मंचाशी जुळली. पुढे फळीचे उत्पादन थांबले. फ्रेंकेल यांचे व्यायाम मात्र अद्याप शिकविले जातात.