लिफ्टवाला इंजिनियर आणि चुंबकांचे कडे

कणांना गती देणाऱ्या यंत्रांचा इतिहास बहुधा नोबेलच्या मानकऱ्यांपासून सांगतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर निराळ्याच माणसावर जाते. निकोलस क्रिस्टोफिलॉस हे त्याचे नाव. १९१६ साली बोस्टनला जन्मला, लहानपणीच अथेन्सला गेला, तेथे इंजिनियर झाला आणि लिफ्ट बसविणाऱ्या कंपनीत लागला. जर्मनांनी ग्रीस व्यापला तेव्हा कंपनीत लॉऱ्यांची दुरुस्ती होऊ लागली. काम हलके, उरल्या वेळात हा गृहस्थ जर्मन भाषेतली पदार्थविज्ञानाची पुस्तके वाचीत बसे.

त्या काळी अडचण अशी होती. वर्तुळात लाखो फेरे घेणारा कण मार्गावरून ढळत गेला की नळीच्या भिंतीवर आदळतो. त्याला मधोमध राखायचे ते चुंबकांनीच. पण जुन्या पद्धतीची पकड सैल. कणांना डोलायला जागा हवी, म्हणून नळी रुंद, आणि नळी रुंद म्हणून चुंबक अवाढव्य. रशियात दुब्ना येथे १९५७ साली सुरू झालेल्या यंत्राचे चुंबक ३६,००० टनांचे, आणि ऊर्जा १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट!

एक चुंबक कणांना आडवे आवळतो, तेव्हा उभे पसरवतो. दुसरा याच्या उलट. मग दोन्ही आळीपाळीने मांडले तर? एकाने आवळलेले दुसरा पसरवील, असे वाटते खरे. परंतु पसरविणाऱ्यापाशी कण मध्याजवळ असतो, आवळणाऱ्यापाशी दूर. आणि दूर असलेल्यावर जोर अधिक चालतो. गोळाबेरीज आवळण्याचीच होते. ही युक्ती क्रिस्टोफिलॉसला सुचली. १९५० साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, बर्कलीच्या प्रयोगशाळेलाही कळविले. कागद बाजूला पडले. १९५२ च्या उन्हाळ्यात ब्रुकहेवन येथे कूरंट, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांना तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, ती प्रसिद्धही झाली. पुढल्या वर्षी अमेरिकेत आलेल्या क्रिस्टोफिलॉसने तो लेख वाचला आणि तडक ब्रुकहेवन गाठले. त्या तिघांनी १९५३ मध्येच त्याचा अग्रहक्क छापून मान्य केला. त्याला तेथे नोकरीही मिळाली. चोरी कोणी केली नव्हती, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण पत्राचे वजन पत्त्यावरून ठरते, हा अनुभव आमच्या लोकांना नवा नाही.

१९५९ साली जिनेव्हाजवळ सर्न संस्थेचे यंत्र याच तत्त्वावर चालू झाले: १०० चुंबक, ६२८ मीटर परिघ, २८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

परंतु घट्ट पकडीबरोबर नवे दुखणे आले. सगळ्या कणांचा संवेग सारखा नसतो. जोरकस कण चुंबकाला कमी वळतो, म्हणून एका फेऱ्यात त्याचे डोलणेही कमी होते. भिंगातून निळा आणि तांबडा प्रकाश एकाच बिंदूवर जमत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून नाव क्रोमॅटिसिटी, म्हणजे रंगदोष. फेऱ्यातल्या झोक्यांची संख्या पूर्णांकावर आली, की झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का बसावा तसे होते आणि कण हातचे जातात. शिवाय हा दोष तसाच ठेवला तर, ऊर्जा पुरेशी असताना, पुंजक्याचे डोके शेपटीला हलवू लागते. १९६९ मध्ये पेलेग्रिनी आणि सँड्स यांनी त्याचे गणित मांडले.

उपाय सहा ध्रुवांच्या चुंबकाचा. जेथे जोरकस कण आपोआप बाहेरच्या बाजूला जातात, तेथे तो बसवायचा. मध्यापासून दूर त्याची आवळण्याची शक्ती वाढत जाते, म्हणून ज्याला अधिक हवे त्याला अधिक मिळते. (असे वेतनमान आम्हांला अजून कोणी दिलेले नाही!) मात्र हा चुंबक दूरच्या कणांना वेडेवाकडेही करतो. म्हणून तो जोडीने, अर्ध्या झोक्याच्या अंतरावर मांडतात. एकाचा त्रास दुसरा बराचसा फेडतो.

सर्नच्या २७ किलोमीटरच्या कड्यात १,२३२ वळविणारे चुंबक आहेत. त्यांच्या क्षेत्रातही सहा ध्रुवांची खोट असते आणि तीच रंगदोष वाढवते. ती काढायला प्रत्येकाच्या टोकाशी छोटे दुरुस्ती-चुंबक जोडलेले आहेत. १९९६ च्या करारानुसार त्यांतले हजाराच्या वर भारताने पुरविले. ते काम आपल्या होळकरांच्या इंदूरच्या प्रयोगशाळेकडे होते.