माड हे झाड आहे काय?

गोव्याच्या विधानसभेने २०१६ सालच्या आरंभी एक दुरुस्ती संमत केली आणि आमच्या परसातल्या माडाचे वृक्षपण कायद्याच्या दृष्टीने एकाएकी गेले. १९८४ सालच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या छत्रातून माड वगळण्यात आला. जुनी, न धरणारी झाडे काढून नवी लावू पाहणाऱ्या बागायतदाराला परवानगीसाठी हेलपाटे पडू नयेत, असे कारण सरकारपक्षाने सांगितले. बांधकामवाल्यांना रान मोकळे करून देण्याचा हा घाट आहे, असे विरोधकांनी म्हटले. गावोगाव चर्चा पेटली, आणि पुढल्याच वर्षी, २०१७ साली, नव्या सरकारने माडाला त्याचे पूर्वीचे स्थान परत दिले, इतकेच नव्हे तर राज्यवृक्षाचा मान दिला. वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने गवताचा राज्यवृक्ष व्हावा, असे भाग्य दुसऱ्या कोणत्या वनस्पतीच्या वाट्याला आल्याचे आमच्या वाचनात नाही.

विनोद बाजूला ठेवू. वनस्पतिशास्त्राला विचाराल तर वादाला जागा आहेच. माड एकदलिकित वनस्पतींच्या वर्गातला. गवत, ऊस, बांबू हे त्याचे दूरचे भाऊबंद. त्याला फांदी फुटत नाही, आणि आंब्या-फणसाच्या खोडात सालीखाली जो वाढीचा थर असतो व ज्याच्यामुळे खोड वर्षानुवर्षे रुंदावत जाते, तो थर माडाला नाही. एकदा जाडी ठरली की ठरली. मग तो नुसता उंच होत राहतो. वृक्षाची कायदेशीर व्याख्या करणारे बहुधा लाकडी खोड आणि त्यातून फुटलेल्या फांद्या डोळ्यांपुढे ठेवतात, आणि माड त्या व्याख्येत अवघडून उभा राहतो. पण या शास्त्रीय तपशिलात घरगुती निगेचा पहिला धडा दडलेला आहे, आणि तो वकिली कोटीपेक्षा अधिक मोलाचा आहे. ज्या खोडाला तो थर नाही त्याची जखम कधी भरून येत नाही. आंब्याला कुऱ्हाडीचा घाव बसला तर पाच-सात वर्षांत साल त्यावर ओठ मिटते. माडावर चढण्यासाठी पाडलेली खाच मात्र पन्नास वर्षांनंतरही तशीच उघडी असते. दिव्याची तार बांधायला, कपड्यांची दोरी ताणायला माडाला खिळा ठोकणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. सोंड्या भुंगा अशाच जखमेच्या वासाने येतो, आत अंडी घालतो, आणि खोड आतून भुसा झाल्याचे मालकाला कळते तेव्हा शेंडा कलंडलेला असतो.

माडाशी आमच्या प्रदेशाचा लेखी संबंध किती जुना, असा प्रश्न पडला तर नाशिकच्या पांडवलेण्यांकडे जावे लागते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तेथील दहाव्या लेण्यातला लेख, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या दानांच्या यादीत शूर्पारक वगैरे ठिकाणच्या चरकांच्या पर्षदांना नानंगोल गावी दिलेल्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचा निर्देश आहे. हे गाव म्हणजे संजाणजवळचे नारगोळ असावे, असे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सुचविले. संख्येचे काय करावयाचे ते इतिहासकारांनी करावे. आमचे कायदेशीर कुतूहल निराळ्या गोष्टीने चाळवते. येथे दानाचे माप निवर्तने नाहीत, बिघे नाहीत. येथे झाडे मोजली आहेत. जमिनीहून निराळी, झाडाझाडाने मोजता येण्याजोगी मालमत्ता ही माडाची ओळख तेव्हापासूनची आहे, आणि पुढे कोकणपट्टीतल्या निम्म्या तंट्यांचे मूळ तिच्यात आहे.

अलिबागच्या किनाऱ्याला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा येथे घर आणि बाग यांच्यात कुंपण नसते. घरच बागेत असते, विहिरीवरच्या रहाटाचा पाट पोफळींतून फिरत स्वयंपाकघराच्या मागे येतो. गोव्यात डोंगरकुशीतल्या झऱ्यावर उभी असते ती पोफळीची कुळागरे निराळी आणि साष्टी-बारदेशच्या रेताड सपाटीवरची माडांची भाटे निराळी. परंतु घराभोवतीचे चार-सहा माड सर्वत्र सारखे. ‘माणसाचा आवाज कानी पडला तर माड अधिक धरतो’ असे जुनी माणसे म्हणत. त्यात भाबडेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. न्हाणीचे पाणी त्याच्या आळ्यात जाते, चुलीतली राख त्याच्या बुंध्याशी पडते, मासळीचे खवले-काटे तेथेच पुरले जातात. बारमाही ओलावा, राखेतले पालाश आणि मासळीचे खत मिळाल्यावर घरचा माड रानच्या माडाहून अधिक धरील, यात नवल ते काय?

पोर्तुगीज आले ते समुद्राने, आणि त्यांची नजर प्रथम गेली ती दोरखंडाकडे. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात कुजत नाही. जहाजाला याहून अधिक काय हवे? गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली येथेच छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथात माडाला एक स्वतंत्र संवाद दिला आहे. ओर्ता आणि रुआनो हे दोघे प्रश्नोत्तरे करतात; त्यात सूर येते, सुरेपासून गाळलेली दारू येते, काथ्या येतो, तेल येते. मुंबई बेट याच ओर्ताकडे खंडाने होते, ही गोष्टही जाता जाता सांगण्याजोगी. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच लिन्स्खोटेन यानेही माडाचे वर्णन केले. हे दोघेही पाहुणे. त्यांना माडाच्या उपयोगांचे आश्चर्य वाटले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. माड लावावा कसा, वाढवावा कसा, हा त्यांचा विषय नव्हता.

तो विषय हाती घेतला येशू संघाच्या एका पाद्रीने. ‘आर्त पाल्मारिका’, म्हणजे माडविद्या, या नावाने त्याचे पुस्तक प्रसिद्ध आहे. मुखपृष्ठावर त्याचे नाव नाही, केवळ संघाचे आहे. संघाच्या ताब्यात गोव्यात मोठाली भाटे होती आणि त्यांच्या उत्पन्नावर विद्यालये चालत, तेव्हा अशा पुस्तकाची गरज पडणे साहजिकच होते. एकोणिसाव्या शतकात मडगावच्या बेर्नार्दु फ्रान्सिस्कु द कोश्त यांनी ‘हिंदी शेतकऱ्याचा व्यवहारोपयोगी मार्गदर्शक’ अशा अर्थाचा पोर्तुगीज ग्रंथ लिहिला. तो १८७२ पासून लिस्बनमध्ये छापला गेला. आम्हांस या दोन्ही पुस्तकांविषयी आदर आहे, पण एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. खड्डा खणणारा, कवाथा लावणारा, शेंड्यावर चढणारा माणूस पोर्तुगीज वाचीत नव्हता. विद्या त्याची, लिपी दुसऱ्याची.

ती विद्या फार गुंतागुंतीची नाही, पण तीत धीर लागतो. बियाण्याचा नारळ घ्यावयाचा तो पंचवीस वर्षांवरच्या, दरसाल नियमाने धरणाऱ्या माडाचा; पूर्ण पक्व, हलविला असता पाणी वाजणारा. नऊ महिने ते वर्षभराचा, आखूड व जाड बुंध्याचा कवाथा निवडावा. लंबू कवाथा डोळ्यांस बरा दिसतो, पण तो सावलीत ताणलेला असतो. खड्डा सर्व बाजूंनी हातभर-दोन हात नव्हे, चांगला मीटरभर हवा, आणि दोन माडांत पंचवीस फुटांचे अंतर हवे. येथेच परसातला माणूस चुकतो. दोन वर्षांचे रोप केवढेसे दिसते. मधली जागा वाया जाते असे वाटून तो आणखी एक लावतो, आणि वीस वर्षांनी तीन माड उजेडासाठी एकमेकांपासून वाकून उभे राहतात, त्यांपैकी एक नेमका शेजाऱ्याच्या कौलांवर. जांभ्या दगडाची जमीन असेल तर खड्ड्यात सहा महिने आधी मीठ घालून ठेवावयाचे, म्हणजे कातळ मऊ पडतो. तळाशी नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून रचावयाची, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते. या दोन्ही जुन्या युक्त्या आज संशोधन केंद्रेही शिफारशीत देतात.

पुढची सहा-सात वर्षे वाट पाहण्याची. ठेंगू जाती तीन-चार वर्षांत फुलतात, हे खरे. पण त्यांचे आयुष्यही आखूड आणि लाडही अधिक. आमच्या बाणावलीच्या उंच माडाला तोड नाही. त्याच्याच निवडीतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रताप’ ही जात दिली. मोठा झालेला निरोगी माड वर्षाला सुमारे बारा झावळ्या काढतो, आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय. महिन्याला एक झावळी, महिन्याला एक पोय. माडाइतका नियमित पगार देणारा मालक शोधून सापडणार नाही. म्हणूनच हिरवी झावळी शोभेसाठी तोडणे म्हणजे पोयीची दाईच काढून टाकणे होय. गेंड्या भुंग्यासाठी शेंडा अधूनमधून तपासावा. तो कोवळ्या सुरळीत शिरतो आणि उलगडलेले पान कात्रीने कापल्यासारखे दिसते. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते, तेव्हा माडाच्या बुंध्याशीच उकिरडा ठेवणारा मनुष्य चोराला ओसरीवर निजवितो.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचक हे वाचून हळहळतील. तेथे श्रीफळ ओटीत पडते, कलशावर बसते, पण परसात उगवत नाही. हिवाळ्यातली कडाक्याची थंडी माडाला सोसत नाही. हैदराबादकडे ताड आणि शिंदी यांचे राज्य, आणि त्यांच्या ताडी-शिंदीवर निजामाच्या अबकारीचा खजिना भरत असे.

अबकारी म्हटले की आमच्या माडालाही इतिहास आहे. १८७८ हे साल त्याच्या दृष्टीने वाईट. त्या साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला आणि त्याच साली डिसेंबरात इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. तहाने गोव्याला मुरगावचे बंदर व लोहमार्ग यांची आशा दाखविली. मोबदल्यात मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला आणि ब्रिटिश मुलखाच्या धर्तीची अबकारी पद्धत आली. रेंदेराचा धंदा सरकारी दप्तरात शिरला. सूर ही केवळ नशेची वस्तू नव्हती. पदेर पावाचे पीठ सुरेने फुगवीत असे, गूळ आणि शिरका तिचाच. मीठ महागले, सूर बांधली गेली. परसातल्या माणसाच्या दोन्ही हातांना एकाच वेळी गाठ बसली. १८९२ च्या आरंभी तह संपला तेव्हा फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

परंतु माडाचा खरा प्रश्न कर नव्हे, हक्क आहे. भाटात भाटकाराची परवानगी घेऊन झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. माडांची राखण त्याच्याकडे, आळी करणे त्याच्याकडे. घरातल्या बायका आपल्या हाताने न्हाणीचे पाणी ज्या कवाथ्याला पिढ्यान्पिढ्या घालीत, त्याचा नारळ मात्र पाडणीच्या दिवशी भाटकाराच्या राशीत. अठराव्या शतकाच्या आरंभीचे ‘आज्ञापत्र’ रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या झाडांना हात लावू नये असे बजावते. ते आंब्या-फणसाविषयी आणि आरमाराच्या लाकडाविषयी आहे, पण वाढविणाऱ्याचे नाते राज्यकर्त्याने ओळखावे हा त्यातला न्याय भाटातही लागू पडला असता. तो पडला नाही. १९७५ सालच्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकून लावण्यास आडकाठी घातली आणि घर व त्याभोवतालची थोडी जागा, पंचायतीच्या हद्दीत तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. तीनशे चौरस मीटरांत घर वजा जाता पंचवीस फुटांच्या अंतराने माड किती बसतात, हा हिशेब वाचकांनी कागदावर करून पाहावा. आमच्या मते या कायद्याचे खरे मोल भिंतींत नाही; ज्या दोन-तीन माडांना आईने पाणी घातले त्यांचा नारळ लेकाने कोणास न विचारता पाडावा, यात आहे.

आता पाडावयाचा कोणी, हा प्रश्न निराळा. पाडेल्याची मुले शहरात गेली, बोटीवर गेली. त्यांनी जावे यात गैर काही नाही, कारण साठ-सत्तर फुटांवर नुसत्या पायांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आम्ही मजुरी दिली ती माळ्याचीही नव्हे. पाडणी वेळेवर न झाल्याने सुके नारळ आणि झावळ्या वाटेवर, वाहनांवर, शेजारच्या अंगणात पडतात आणि पक्षकार आमच्याकडे येतात. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना, आणि तरुणींनाही, यंत्राने माडावर चढण्याचे व शेंडा साफ करण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पायांत अडकविण्याचे ते लोखंडी यंत्र खोडाला तारेचा वेढा घालून वर सरकते. खाच पाडावी लागत नाही.